टाळी कोणासाठी?

अप्पांची दृष्टी गेली तेव्हा घरात फारशी रडारड झाली नाही, कारण घरात रेडिओ होता. रेडिओ म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, दिसेल ते मोठ्यानं वाचायची, म्हणून हे नाव. रोज संध्याकाळी ती अप्पांना पुस्तक वाचून दाखवी. चुकली की दोघंही हसत.

"एवढा गोड आवाज फुकट घालवतेस!" लोक म्हणाले. तिनं नोकरी सोडली. आता ती बोलकी पुस्तकं करते. कपाटाएवढी खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या, दिवसाचे सात तास. चुकलं की टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचायचं. टाळीच्या खुणेवरून चूक कापली जाते.

नागरिकहो, यात वाईट काय

(टाळी.)

वाचकहो, यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. काही नाही. अप्पांचं जहाजाच्या सफरीचं पुस्तक चार वर्षांपूर्वी एकशे बाराव्या पानावर थांबलं, एवढंच. "आज नको अप्पा, घसा जपायचाय."

मग एक दिवस अप्पांना तपासून डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. आता फार दिवस नाहीत, म्हणाले.

"तेवढं ते जहाज किनाऱ्याला लाव गं," अप्पा म्हणाले. "चार वर्षं झाली, मी आपला समुद्रातच."

ती वाचायला बसली. दुसऱ्याच पानावर अडखळली. टाळी वाजवली. वाक्य पुन्हा, गुळगुळीत. अप्पांना खोकला आला.

"श्श! आवाज नको!"

अप्पांनी खोकला गिळला. मग हळूच विचारलं, "टाळी कोणासाठी वाजवलीस गं? इथे कापणार कोण?"

तिनं ओळीवर बोट ठेवून पुस्तक खाली घेतलं.

"शेजारच्यांच्या फोनवर ऐकतो मी तुला. छान वाचतेस. पण कुठे चुकतच नाहीस, मग ओळखू कशी? पोटासाठी वाच, नाही कोण म्हणतंय? पण सगळाच आवाज विकलास? घरापुरता ठेवायचास की थोडा!"

अरेरे! वडिलांसाठी वाचून कमावलेल्या आवाजानं वडिलांनाच गप्प बसवलं!

मग ती चुकत, खोकल्यासाठी थांबत वाचत राहिली. तीन दिवस. शेवटची तीन पानं उरली असताना अप्पा

(टाळी.)

शेवटची तीन पानं उरली असताना अप्पा गेले. हे वाक्य कितीदाही सुरुवातीपासून वाचलं, तरी तसंच येतं.

ती पानं तिनं रिकाम्या खाटेशेजारी वाचली. 'किनारा' शब्दावर अडखळली. हात आपोआप वर गेले. तिनं ते मांडीवर ठेवले, आणि तशीच पुढे वाचत गेली.

आता संध्याकाळी सहानंतर गोधड्यांची खोली बंद असते.

आवडीचं काम मिळालं की आपण त्या माणसाला नशीबवान म्हणतो. म्हणा. पण त्या आवडीचा एक तुकडा बाजारात नेऊ नका. चुकता येईल एवढा, आणि कुणी खोकलं तरी चालेल एवढा.