दहाव्या मिनिटाचा दोष

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या सभागृहात उभं राहायलाही जागा उरली नव्हती. समोरच्या लांब टेबलावर सहा कॉम्प्युटर ओळीने मांडले होते, सगळे बंद पडलेले. तापाने फणफणलेलं मूल दवाखान्यात न्यावं तसे लोकांनी ते पोटाशी धरून खाली आणले होते. आणि टेबलामागे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डोळे अर्धवट मिटून उभे होते स्पर्शसर.

त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. हात ठेवला की यंत्र सुरू होतं, म्हणून स्पर्शसर.

"मंडळी, यंत्राला मन नसतं असं कोण म्हणतं?" त्यांनी सुरुवात केली. "कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं? मदरबोर्ड! मदर म्हणजे?"

"आई!" सभागृह ओरडलं.

"आई आली की माया आली. माया आली की रुसवा आला. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही, मंडळी, रुसलंय. घरातला ताण ते शोषून घेतं. व्हायरस बाहेरून येतो, पण ताण? ताण घरातूनच येतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तिसऱ्या रांगेत होते. मी टाळी वाजवली नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर हात इतक्या सहज उचलत नाहीत.

पहिला नंबर चौथ्या मजल्यावरच्या पेन्शनर आजोबांचा होता. त्यांचा कॉम्प्युटर बटण दाबलं की तीनदा किंचाळायचा आणि पडदा काळा तो काळाच. स्पर्शसरांनी त्याचं झाकण उघडलं आणि वरून काळं कापड टाकलं. "उघड्यावर यंत्राला संकोच वाटतो. सर्वांनी डोळे मिटा," असं म्हणून त्यांनी कापडाखाली दोन्ही हात खुपसले.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. कापडाखाली सरांचा उजवा कोपर भराभर पुढेमागे हलत होता, वहीतलं चुकलेलं गणित खोडताना मुलांचा हलतो तसा. पाच मिनिटांनी कापड निघालं, यंत्रावर पंजा टेकला, बटण दाबलं आणि पडदा लख्ख उजळला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

गर्दी पांगल्यावर मी टेबलाजवळ गेले. टेबलावर खोडरबराचा काळपट चुरा पडला होता.

कॉम्प्युटरची मेमरी एका पट्टीवर असते. तिच्या टोकांवर मळ चढला की यंत्र असंच किंचाळतं. पट्टी काढायची, टोकं खोडरबराने हलकेच घासायची, परत घट्ट बसवायची. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मॅडम हे काम डबा खाता खाता करतात. म्हणजे हा माणूस कारागीर होता, आणि बरा कारागीर होता. मग हे कापड कशाला? डोळे मिटणं कशाला? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे.

पण मी गप्प बसले. आजोबांचं काम झालं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. असं म्हणून गप्प बसणं ही माझी चूक.

माझ्या समोरच्या दारात तीन माणसं राहतात: सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सून. सून घरूनच काम करते. डॉक्टर रुग्णांचे रिपोर्ट बोलून पाठवतात आणि ती ते ऐकून टाइप करते. घरात कॉम्प्युटर एकच, पण तिघांची खाती वेगळी, तिघांचे पासवर्ड वेगळे. सासूबाई सकाळी भावाशी व्हिडिओवर बोलतात, मुलगा बिलं भरतो, सून दिवसभर काम करते.

त्यांचा कॉम्प्युटर दुपारी तापून बंद पडायला लागला, तेव्हा सासूबाईंनी स्पर्शसरांना घरी बोलावलं. काळं कापड, मिटलेले डोळे, टेकलेला पंजा, सगळं यथासांग झालं. यंत्र थंड पडलं आणि सुरळीत चालू लागलं.

सुनेने सरळ विचारलं, "सर, आतल्या पंख्यात धूळ होती ना? कापडाखालून इतकी उडाली की मला शिंका आल्या."

सर हसले. "ताई, शंका हासुद्धा एक ताणच असतो बरं का."

मग त्यांनी पासवर्ड मागितला. "पासवर्ड म्हणजे यंत्राचा श्वास. तो हातात आल्याशिवाय पूर्ण शुद्धी होत नाही." मुलाने कागदावर लिहून दिला. त्याच्या खात्यातून अख्ख्या कॉम्प्युटरचा कारभार चालायचा. सर पुन्हा दहा मिनिटं कापडाखाली गेले, बाहेर आले, यंत्राला तांब्याची एक चकती चिकटवली, तिचे पैसे घेतले आणि निघून गेले.

बरोबर पंधरा दिवसांनी कॉम्प्युटर पुन्हा मध्येच बंद पडू लागला. पण या वेळी गंमत अशी, की तो फक्त सून बसली की बंद पडायचा. सासूबाई तासभर गप्पा मारोत, मुलगा हवं ते करो, काही नाही. सून बसली की खेळ खलास.

स्पर्शसर आले. त्यांनी तिघांना आपापलं खातं उघडून पाळीपाळीने बसवलं. सासूबाई बसल्या, यंत्र चालू. मुलगा बसला, यंत्र चालू. सून बसली आणि थोड्याच वेळात पडदा विझला.

सर हळू आवाजात म्हणाले, "मी काही बोलणार नाही. यंत्रानेच सांगितलं. काही माणसांच्या अंगातली कंपनं यंत्रांना सोसत नाहीत. ताईंचा यात दोष नाही, पण दोष ताईंमध्येच आहे."

त्या दिवसापासून सुनेला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी झाली. तीन दिवस रिपोर्ट गेले नाहीत, तशी कामावरून ताकीद आली. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मिक्सर मीच लावते, तू राहू दे." मग वॉशिंग मशीन. मग नवरा स्वतःचा मोबाइल तिच्यापासून चार हात लांब ठेवायला लागला. वर म्हणाला, "अगं, मनावर घेऊ नकोस. काळजी म्हणून."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका दुपारी दारावर टकटक झाली. उघडलं तर ती उभी, डोळे सुजलेले.

"बेल का नाही वाजवलीस?" मी विचारलं.

"बेल विजेवर चालते ना, बाई."

मला क्षणभर कळेना ती काय बोलते आहे.  मी तिला आत घेऊन बसवलं आणि सगळं ऐकलं. शेवटी तिने विचारलं, "बाई, खरं सांगा. माझ्यात तसं काही असेल का हो?"

"किती वेळाने बंद पडतो तो?"

"दहा मिनिटांनी."

"अंदाजे?"

"नाही. मी घड्याळ लावून पाहिलं. सहा वेळा. सहाही वेळा दहाच."

मी ताडकन उठून उभी राहिले. "अगं, तापलेलं यंत्र कधी आठ मिनिटांनी बंद पडेल, कधी वीस. कंपनं म्हणशील तर ती काय घड्याळ बघून येतात? बरोबर दहा मिनिटं म्हणजे कुणीतरी मोजून ठेवलीत ती!"

 घड्याळ लावण्याइतकी ती हुशार होती. पण घरातली दोन माणसं रोज आपल्याला दूर सारायला लागली, की समोरचा आकडाही दिसेनासा होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी लॅबच्या मॅडमना गाठलं. त्यांनी कुठे बघायचं आणि काय बघायचं, ते मला दोनदा करून दाखवलं.

रविवारी समोरच्या घरी 'मोठी शुद्धी' ठरली होती. शेजारीपाजारी दाटीवाटीने जमले, पेन्शनर आजोबा खुर्ची घेऊन पुढेच बसले. सरांनी कापड झटकलं, तेवढ्यात मी म्हणाले, "सर, शुद्धीच्या आधी एक छोटा प्रयोग करू? दोष आहे तोवरच तो दिसेल. शुद्धी झाल्यावर कसा दिसणार?"

"प्रयोगाने यंत्र दुखावतं, बाई."

"यंत्र कुणीच उघडणार नाही. फक्त दोघींनी जागा बदलायच्या. सूनबाई सासूबाईंच्या खात्यात बसेल आणि सासूबाई सूनबाईच्या."

सरांची नजर पहिल्यांदाच हलली. "याची काही गरज नाही. यंत्राने निकाल दिलेला आहे."

"अहो, बघू द्या की बाईंना," पेन्शनर आजोबा म्हणाले. "तुमचा निकाल पक्का असेल तर दोनदा लागेल, त्यात काय!"

लोकांनी माना डोलावल्या. सरांना कापड बाजूला ठेवावं लागलं.

सासूबाईंनी आपला पासवर्ड टाकला आणि सून खुर्चीत बसली. कीबोर्डवर बोटं ठेवायला तिला धीर होईना. मी म्हटलं, "लिही. काहीही लिही." तिने लिहायला सुरुवात केली. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. वीस मिनिटं झाली तरी पडदा हलला नाही. खोलीत कुजबुज सुरू झाली.

मग सुनेने आपलं खातं उघडून दिलं आणि सासूबाई बसल्या. नववं मिनिट. दहावं मिनिट. आणि पडदा विझला.

सासूबाईंचा चेहरा खाडकन उतरला. त्यांनी दोन्ही हात उचलून छातीशी धरले, जणू चटका बसला. "म्हणजे... माझ्यात पण?" त्या पुटपुटल्या.

सुनेने सोसलेले पंधरा दिवस त्यांच्या वाट्याला पंधरा सेकंद आले. मला त्यांची दया आली, आणि नाही म्हटलं तरी रागही.

"तुमच्यात काही नाही आणि तिच्यातही नाही," मी म्हणाले. "माणूस बदलला तरी दोष त्याच खात्यात राहिला. म्हणजे दोष खात्याला चिकटवलेला आहे. आता कुणी चिकटवला ते बघू."

मी मुलाला त्याचं खातं उघडायला लावलं. कॉम्प्युटरमध्ये एक यादी असते. कुठलं काम कधी आपोआप करायचं, ते तिथे लिहून ठेवता येतं. त्या यादीत साळसूद वाटणाऱ्या नावाची एक नोंद सापडली. मी ती मुलालाच मोठ्याने वाचायला लावली. 'सुनेचं खातं उघडलं की दहा मिनिटांनी कॉम्प्युटर बंद कर.' कधीपासून? पहिल्या शुद्धीनंतर पंधरा दिवसांनी. नोंद कधी केली? पहिल्या शुद्धीच्या दिवशी, सकाळी अकरा वीस.

"अकरा वीसला तर..." मुलगा म्हणाला. "तेव्हा आम्ही डोळे मिटून बसलो होतो."

सगळ्या माना सरांकडे वळल्या.

"यंत्राने... ताणापोटी स्वतःच लिहिलं असेल," सर म्हणाले.

कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळी खोलीच हसली. सर कापडाची घडी करत दाराकडे सरकले, तर पेन्शनर आजोबांनी खुर्ची उचलून दारातच मांडली.

ती नोंद सुनेनेच पुसली. मी तिलाच पुसायला लावली. मग ती स्वतःच्या खात्यात बसली. सगळे उभ्याने बघत होते. दहावं मिनिट आलं तेव्हा तिची बोटं थांबली. पडदा तसाच उजळ होता. अकरावं मिनिट लागलं आणि तिने टाइप करायला सुरुवात केली. थांबलीच नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती डॉक्टरांचा राहिलेला रिपोर्ट पुरा करत होती.

सासूबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "मी तुला इतकं दूर नव्हतं गं लोटायचं."

"तुम्ही मिक्सरपासून लोटलंत, आई," ती मान न वळवता म्हणाली. "पुढे दाराच्या बेलपासूनही मी माझं मीच लोटून घेतलं."

 नवऱ्याने टेबलाखाली वाकून यंत्रावरची ती चकती उपटून काढली.

संध्याकाळपर्यंत मी, लॅबच्या मॅडम आणि सूनबाई घरोघर फिरलो. सभागृहातल्या सहा कॉम्प्युटरांपैकी चारांत तशीच नोंद निघाली. सभागृहानंतर सर त्या घरीही 'पूर्ण शुद्धी'ला गेले होते आणि पासवर्ड घेऊन आले होते. एका घरी लेकीच्या नावाने, एका घरी धाकट्या भावाच्या. पेन्शनर आजोबांकडे ती आजींच्या नावाने होती आणि तिची तारीख यायला अजून चार दिवस होते. आजी म्हणाल्या, "मी त्याला एवढंच विचारलं होतं, की कापडाखाली काय करता?"

प्रत्येक घरात हेच. ज्याने प्रश्न विचारला, त्याच्याच खात्याला दोष चिकटला. एकदा घराने आपल्याच माणसाकडे संशयाने बघायला सुरुवात केली, की कापडाखालच्या हातांकडे कोण बघणार? आणि यंत्र पुन्हा रुसलं की जास्त पैशांची मोठी चकती होतीच.

पोलिसांकडची तक्रार सुनेने लिहिली, तारीख-वेळेसकट. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये असं काही पेरणं हा गुन्हा आहे. त्यावर आम्ही अकरा जणांनी सह्या केल्या. दोघांनी केल्या नाहीत. "काही म्हणा, हाताला गुण होता," ते आजही म्हणतात.

गुण होताच. धूळ झाडण्याचा आणि खोडरबर चालवण्याचा. तो गुण तुम्हीही शिकू शकता. कॉम्प्युटर बंद पडला तर आधी प्लग बघा, पंखा बघा, नाही जमलं तर जाणकाराला बोलवा. पण तो काय करतो ते शेजारी उभं राहून बघा आणि विचारा. जो खरा कारागीर असेल तो सांगेल. पासवर्ड कुणाच्या हाती देऊ नका. आणि कुणी तुमच्या यंत्रातला बिघाड तुमच्या घरातल्या माणसात आहे असं म्हणालं, तर त्या माणसाला उठवण्याआधी त्या जागी तुम्ही स्वतः बसून बघा. एवढंसं तपासायला विज्ञानाची पदवी लागत नाही. डोळे उघडे असले की पुरे.