ताशी तीसच्या वेगाने समुद्रापर्यंत

मी एक जुनी भाड्याची गाडी आहे. माझा रंग पांढरा आणि दोन्ही कुशींवर निळा पट्टा. आमच्या तेस्तूर गावात माझ्यासारख्या गाडीला 'लुआज' म्हणतात. लुआजला वेळापत्रक नसते. सगळ्या जागा भरल्या की ती निघते.

मित्रांनो, माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते बंदर. जहाजातून उतरल्यावर माझ्या काचांवर मिठाचा थर जमला होता. सव्वीस वर्षांचा एक उंच तरुण माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून आला आणि त्याने स्वतःच्या बाहीने माझी समोरची काच पुसली. तो तिजानी. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

चौतीस वर्षे आम्ही दोघे तेस्तूर ते मजाझ अल-बाब हा एकच रस्ता धावलो. दिवसाला सहा खेपा, कधी सात. मी नवऱ्या मुली नेल्या, परीक्षेला निघालेली पोरे नेली, पाय बांधलेल्या कोंबड्या नेल्या. एकदा एक शिंपी मांडीवर अख्खे शिलाईयंत्र घेऊन बसला होता आणि वाटेत त्याने शेजारणीच्या झग्याचे मापही घेतले. "तिजानीच्या गाडीत बसलात ना, मग पुढची बस चुकत नाही," असे लोक म्हणत. ते ऐकले की माझे इंजिन जरा जास्तच गोड वाजायचे.

त्या रस्त्याच्या बाजूने सगळा वेळ मजर्दा नदी वाहते. पण तिजानीची नजर रस्त्यावर आणि मन पुढच्या खेपेवर. नदीकडे बघायला त्याला सवड नव्हती आणि मलाही नाही.

मग एका सकाळी त्याने मला एका उभ्या हातगाडीवर घासले. भर उजेडात, मोकळ्या रस्त्यावर. तिजानी खाली उतरला आणि माझा चेचलेला दरवाजा कितीतरी वेळ नुसता चाचपत राहिला. त्याला ती हातगाडी दिसलीच नव्हती.

राजधानीतल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा गेलेला होता. दुसऱ्याची नजर आकसत चालली होती. कुलपाच्या भोकातून बघावे तसे त्याला दिसे. समोरचे थोडेसे, बाकी सगळा अंधार. दोन-तीन वर्षांत तेही जाईल, असे डॉक्टर म्हणाले. तिजानीने परवाना परत केला आणि मला घरामागे डाळिंबाच्या झाडांखाली उभे केले. त्यानंतर तो माझ्याजवळ आला नाही. माझ्या टायरांतली हवा गेली. मागच्या सीटवर एक तपकिरी कोंबडी रोज अंडे घालू लागली. मुलांनो, खरे सांगते, तेव्हा मला वाटले की आता आपण फक्त खुराडे आहोत.

तिजानीची बायको मन्नुबिया चीज करून विकते. दूध नासवणे, दाबणे, पाणी निथळू देणे, सगळे धीराचे काम. एका संध्याकाळी ती माझ्याजवळच ओट्यावर चीजचे फडके पिळत होती. तिजानी शेजारी बसला होता. तो एकदम म्हणाला, "गंमत बघ मन्नुबिया. चौतीस वर्षं नदीच्या कडेनं गेलो. रस्त्यातला खड्डा न् खड्डा सांगतो तुला. पण नदी कशी दिसते विचारलंस, तर मला सांगता यायचं नाही."

"मग बघून घे की."

"कोण दाखवणार? लेक नजात तिकडं दूर तिच्या सासरी. आणि लुआजवाले उडत जातात. मी मान वळवेपर्यंत झाड मागं पडलेलं असतं."

मन्नुबियाने फडके झटकून वाळत घातले. दुसऱ्या दिवशी तिने मजाझला जाऊन गाडी शिकवणाऱ्या शाळेत नाव घातले. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती.

गावात हसू पसरले. थांब्यावरचा बशीर हा तिजानीच्या हाताखाली तयार झालेला चालक. तो जाता-येता तिला विचारी, "काय खाल्ती, आज कुठली भिंत पाडली?" आमच्याकडे मावशीला खाल्ती म्हणतात, आणि थट्टा करायची असली तरी म्हणतात.

"तुझ्या घराची ठरवलीय रे," ती म्हणे. "आधी तुला बाहेर काढायचं की नाही, एवढंच ठरायचंय."

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. परीक्षक म्हणाले, "बाई, ही गाडी आहे, जनाज्याची मिरवणूक नव्हे. वेग वाढवा." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी तिने त्यांना हवा तेवढा वेग दाखवला, कागद हातात घेतला आणि घरी येऊन म्हणाली, "झालं. आता माझ्या मनाप्रमाणे चालवणार."

तिने कोंबडीला टोपलीत हलवले. मेकॅनिकने माझे तेल बदलले, इंजिनचे पट्टे बदलले, टायर घातले. दोन वर्षांनी माझे इंजिन पहिल्यांदा खोकले, पुन्हा खोकले आणि धरले. तिजानी हात धुता धुता तसाच ओल्या हातांनी बाहेर आला आणि माझ्या बोनेटवर तळवा ठेवून उभा राहिला.

सप्टेंबर संपत आला होता. डाळिंबे लाल होऊ लागली होती, घराघरांच्या भिंतींवर मिरच्यांच्या माळा वाळत होत्या. एका गुरुवारी सकाळी मन्नुबियाने भाकऱ्या, उकडलेली अंडी, ऑलिव्ह आणि हरीसाची, म्हणजे मिरचीच्या तिखट चटणीची वाटी असा डबा बांधला. बेत असा होता की नदीच्या काठाकाठाने थेट तिच्या मुखापर्यंत, कलअत अल-अंदलुसला नजातच्या घरी जायचे. माझा परवाना मजाझपर्यंतचा, म्हणून तिजानी या नदीच्या मुखाशी कधी गेलाच नव्हता.

थांब्यावरून जाताना बशीर ओरडला, "समुद्रापर्यंत? खाल्ती, तुम्ही पोहोचाल तोवर समुद्र आटेल!"

मन्नुबियाने बिस्मिल्ला म्हणून दुसरा गिअर टाकला.

आम्ही ताशी तीसच्या वेगाने निघालो. मित्रांनो, मी आयुष्यभर नव्वदने धावले. तीसचा वेग काय असतो ते मला ठाऊकच नव्हते. त्या वेगात निवडुंगाच्या कुंपणावरची फळे मोजता येतात. नांगरलेल्या रानातले बगळे उडत नाहीत, नुसते बाजूला सरतात. आणि तिजानीला त्याच्या त्या इवल्याशा भोकातून एकेक गोष्ट शोधून धरता येत होती.

पण आधी त्याला ते जमेना. चालकाची सवय जाते थोडीच? "गिअर बदल. पुढं वळण आहे. अगं, ब्रेकवर पाय ठेव!"

"तिजानी, तू रस्ता बघतोयस. नदी तिकडं आहे."

"मला नदी दिसते आहे."

"मग रंग सांग."

तो थांबला. मान वळवली, काचेजवळ गेला. बराच वेळ शोधल्यावर म्हणाला, "चहात दूध जास्त पडल्यासारखा." मग हळूच म्हणाला, "आणि कडेला हिरवा. मला वाटायचं, सगळी एकाच रंगाची असेल."

त्यानंतर त्याने रस्त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नदी कधी त्याच्या बाजूला असे, कधी तिच्या. तिच्या बाजूला आली की मन्नुबिया मला कडेला घेई आणि दोघे उतरून बघत. मागून लुआज येत, हॉर्न वाजवत, पुढे निघून जात. एकाने काच खाली करून विचारले, "चालवताय की ढकलताय?" मन्नुबियाने त्याला हात हलवून वाट दिली, जशी राणी देते.

अल-बत्तानला जुना दगडी पूल आहे, अरुंद. एका वेळी एकच गाडी जाते. आम्ही मध्यावर आलो आणि समोरून गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक चढला. ट्रकवाला डोके बाहेर काढून म्हणाला, "खाल्ती, मागे घ्या! माझ्या मागे ट्रेलर आहे, मला मागे सरता येत नाही!"

दोन्ही बाजूंना दगडी कठडा, वीतभर अंतरावर. खाली नदी गर्जत होती. माझ्या मागे पुलाची अर्धी लांबी होती.

"मी उतरतो," तिजानी म्हणाला. "मागं उभा राहून सांगतो."

"तुला मागचं दिसणार आहे का?"

तिच्या तोंडून निघून गेले.  मन्नुबियाने ओठ चावला. मग तिजानीलाच हसू फुटले आणि ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "बरं," तो म्हणाला, "मी हात मांडीवर ठेवतो. घे तू."

तिने मागच्या काचेवरून नजर हलवली नाही. क्लच इतका अलगद सोडला की तो कधी सुटला ते मलाही कळले नाही. चीजवरचे वजन उचलावे तसे तिने मला एकेक हात मागे घेतले. आरशाला कठड्याचा वारा लागत होता, पण दगड लागला नाही. पूल संपला. ट्रक शेजारून गेला तेव्हा ट्रकवाल्याने छातीवर हात ठेवला. "हातात बरकत आहे तुमच्या!" तो म्हणाला. मित्रांनो, माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मला इतके सुरेख मागे कुणी घेतले नव्हते. तिजानीनेही नाही. आणि त्याला ते कळले होते.

उन्हे कलताना झाडे संपली, आभाळ मोठे झाले आणि खारा वास आला. वाटेत कुठे इंजिन तापले नाही, कुठे चाक पंक्चर झाले नाही. वाळूत चाके रुतू लागली तिथे मन्नुबियाने मला थांबवले. दोघे उतरले. तिने त्याचे खांदे धरून त्याला नेमके वळवले.

"दिसतंय?"

त्याने हळूहळू मान फिरवली. मग म्हणाला, "रेघ दिसते. इकडं मातकट, तिकडं निळं. ती समुद्रात शिरलीय मन्नुबिया, तरी अजून आपली आपली वेगळी चाललीय." त्याच्या गालावरून पाणी वाहत होते. त्याने ते पुसले नाही, कारण पुसताना क्षणभर डोळा झाकला गेला असता.

जाळे आवरणारा एक कोळी माझ्या निळ्या पट्ट्यावरचे गावाचे नाव वाचत आला. "तेस्तूरहून? एवढ्या लांब? चालक कोण, तुम्ही?"

तिजानी ताठ उभा राहिला. मला नवी घेतली तेव्हा बंदरात उभा होता तसा. "चालक ही," तो म्हणाला. "मी प्रवासी."

फेब्रुवारीत त्याचा दुसरा डोळाही मिटला. पण तो घरात बसला नाही. ज्या शुक्रवारी हवा बरी असेल त्या शुक्रवारी मन्नुबिया मला पुसते, पाणी-तेल बघते आणि आम्ही तिघे नदीकाठाने निघतो. बगळे कुठे बसले आहेत ते ती सांगते, आणि नदीचा रंग आज कसा असेल ते तो पाण्याच्या आवाजावरून सांगतो.

मुलांनो, तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी पडून असेल. तिला भंगारात देण्याआधी तिचे तेल बदलून बघा. आणि तुमच्या घरात असे कुणीतरी नक्की असेल, ज्याने जन्मभर सगळ्यांना वेळेवर पोहोचवले आणि स्वतः खिडकीबाहेर कधी पाहिले नाही. त्याला खिडकीशी बसवा. मागून कितीही हॉर्न वाजू देत, गाडी हळूच चालवा.