जेबेझ पासमोरची चौकशी

हेस्टर गेली त्या शनिवारी तिचा नवरा वेंडेल क्राइडर एका दिवंगत दंतवैद्याचं घरसामान लिलावात विकत होता. अमेरिकेतल्या चेस्टर काउंटीत त्याने जन्मभर हेच केलं होतं. बोलायला लागला की त्याच्या तोंडातून बोली अशा सुटायच्या की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायची आठवण राहायची नाही. संगमरवरी माथ्याच्या टेबलापर्यंत तो आला होता, तेवढ्यात गर्दीतून हेस्टरची बहीण लिडिया पुढे आली. बागेतून ती तशीच निघाली होती, हातमोज्यांना माती होती. त्याला थांबवायला तिने हात वर केला. वेंडेलने ती बोली धरली.

"गेलं, लिडियाला गेलं," असं म्हणून त्याने हातोडा आपटला.

मग त्याने तिचा चेहरा पाहिला.

हेस्टर शिवणयंत्रापाशी बसल्या बसल्या गेली होती. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल. ते टेबल आता लिडियाच्या पडवीत आहे, त्यावर ती कुंड्या ठेवते. दंतवैद्याच्या मुलाने टेबल घरपोच केलं, तेव्हा ती दोघं स्वयंपाकघरात शवपेटीवाल्याशी बोलत होती. टेबल दारातून आत येताना पाहून दोघांनाही हसू फुटलं आणि काही केल्या थांबेना. शवपेटीवाला खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत बसला. त्या दिवसांत तसंच होतं. रडायला यावं तिथे हसू यायचं, तेही सभ्य माणसांसमोर.

हेस्टरचं मागणं एकच होतं. दहन करा आणि राख सभाघराच्या दफनभूमीत ठेवा.

ते सभाघर क्वेकर लोकांचं. दर रविवारी ते तिथे तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही सुचलंच तर उभं राहून बोलतात. हेस्टर लग्नाआधीपासून तिथे जाऊन मागच्या बाकावर बसायची. सदस्य मात्र ती कधी झाली नाही. तिच्या आजीने लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "आपल्या जेबेझ पासमोरला त्यांनी बाहेर काढलं होतं. आपण मागायला जायचं नाही." हा जेबेझ राजाच्या अमदानीतला, अमेरिका अजून इंग्रजांची होती तेव्हाचा. पावणेतीनशे वर्षांचा राग हेस्टरने मागच्या बाकावर बसून जपला होता.

दफनभूमीची किल्ली एल्वुडकडे असायची. वय अठ्ठ्याऐंशी, पाठ सरळ. जुन्या क्वेकर रीतीने तो सगळ्यांना तू म्हणायचा, न्यायाधीशालाही, आणि त्याला कुणी तुम्ही म्हटलेलं त्याला खपायचं नाही.

"वेंडेल, मला ती आवडायची," एल्वुड म्हणाला. "पण ज्याने ही जमीन दिली त्याने लिहून ठेवलंय, मित्रांसाठी आणि मित्रांच्या वंशजांसाठी. मित्र म्हणजे सभेचा सदस्य. जेबेझला काढलं असेल तर तो मित्र नव्हे. मग ती वंशज कुणाची?"

"एल्वुड, एवढीशी राख आहे. टोपीत मावेल."

"माझ्या जावयाची त्याहून कमी होती. त्याला मीच नाही म्हटलं. मुलगी अजून माझ्याशी हवामानाबद्दलच बोलते."

वेंडेलने बोली बदलली.

"इतर लोक काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"इतर हो म्हणतील. पण आमच्यात मतं मोजत नाहीत हे तुला ठाऊक आहे. एकाचं मन मानत नसेल तर सगळे थांबतात. तो एक मी आहे." एल्वुडने किल्ली खिशात टाकली. "त्याला काढलं नव्हतं असं दाखव. खड्डा मी स्वतः खणतो."

हेस्टरने वंशावळ जवळजवळ पुरी करून ठेवली होती. ती तिने लावली होती एका तांब्याच्या हंड्यावरून. सफरचंदाचा मुरंबा आटवायचा मोठा हंडा, प्रत्येक मृत्युपत्रात आईकडून मुलीकडे गेलेला. लेकींची आडनावं लग्नागणिक बदलत गेली, हंडा मात्र तोच राहिला. शेवटच्या मृत्युपत्रात तो हेस्टरच्या आजीकडे येतो आणि आता त्यात मांजर झोपतं. हंड्याचा माग घेत ती थेट जेबेझच्या मुलीपर्यंत पोचली होती. फक्त सभेची जुनी इतिवृत्तं तिने उघडली नव्हती. बाहेर काढल्याचं वाक्य तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं नव्हतं.

"म्हणजे ते आपल्याला वाचायचंय," लिडिया म्हणाली. "आणि हे बघ वेंडेल, तिथे तोंड बंद ठेवायचं."

"मी कधी बोलतो?"

"तू झोपेतसुद्धा गाई विकतोस. हेस्टरनेच सांगितलंय मला."

पहिल्यांदा ती दोघं काउंटीच्या दप्तरखान्यात गेली, जेबेझच्या मरणाची तारीख नक्की करायला. तिथे त्याच्या मालमत्तेची यादी मिळाली. माणूस गेला की दोन शेजारी त्याच्या घरातून खोलीखोलीने फिरत आणि दिसेल ते लिहून काढत. वेंडेलला हा कागद एकदम ओळखीचा वाटला. त्याचा रोजचाच धंदा होता तो, फक्त अक्षर जुनं.

"पिसांची गादी एक," तो पुटपुटला. "आरसा एक, तडकलेला. मधमाश्यांच्या पेट्या चार, पैकी एक रागीट."

"असं लिहिलंय?"

"हे बघ. रागीट. खोगीर एक, फार वापरलेलं. घोडी एक, म्हातारी, एका डोळ्याने आंधळी, तरी वेगवान."

लिडियाने तोंडावर रुमाल धरला. वेंडेलला राहवेना. त्याचा आवाज लिलावाच्या चालीवर गेला, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. "घोडी घ्या घोडी, एका डोळ्याची घोडी, कोण म्हणतो पुढे, रागीट माश्या बरोबर देतो, बाई तुम्ही, मागचे गृहस्थ, घोडी चालली..."

पलीकडच्या टेबलावर नकाशे बघणाऱ्या एका गृहस्थाने नकळत हात वर केला. मग लिडियाला उठून बाहेरच जावं लागलं.

मृत्युपत्रही होतं. बायकोला पूर्वेकडची खोली, तिच्या चुलीला लागेल तेवढं लाकूड मुलाने फोडून दाराशी आणून द्यावं, "आणि आणताना कुरकुर करू नये". हंडा मुलीला. चुलीची ओळ वेंडेलने पुन्हा वाचली. मरताना या माणसाने बायकोच्या चुलीचा विचार केला होता. त्याला तो आवडायला लागला. आवडायला लागलं तशी भीतीही वाढली, कारण इतिवृत्तं अजून वाचायची होती.

ती इतिवृत्तं एका कॉलेजच्या वाचनालयात मायक्रोफिल्मवर, म्हणजे फोटोंच्या रिळांवर होती. तिथल्या बाईंनी रीळ लावून दिलं. जुने क्वेकर महिन्यांना नावं देत नसत, नुसते आकडे देत. वेंडेल चाक फिरवत होता आणि लिडिया वाचत होती.

"सापडलं," ती म्हणाली. "चौथा महिना. 'प्रार्थना चालू असताना जेबेझ पासमोर सभाघराच्या खिडक्यांखालून घोडी दौडवत गेला.'"

"झालं," वेंडेल म्हणाला.

"थांब. 'आणि परत आला.' त्याला समजावण्यासाठी थॉमस आणि आयझॅक या दोन मित्रांची समिती नेमली."

"पुढे?"

"पाचवा महिना. 'ओढ्याला पाणी असल्याने समितीला जाता आलं नाही.' सहावा. 'समिती गेली, जेबेझ घरी नव्हता.' सातवा. 'समिती गेली, जेबेझ घरी होता. त्याने मित्रांना सफरचंदाची कडक साइडर पाजली. मित्रांच्या मनाचं समाधान झालं नाही. पुन्हा जावं असं त्यांना वाटतं.'"

"मलाही वाटलं असतं."

"गप्प. आठवा. 'पुन्हा गेले. पुन्हा समाधान झालं नाही.'" लिडियाने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "नववा महिना. 'समितीचा सदस्य थॉमस त्याच घोडीवर बसून गिरणीच्या रस्त्याने दौडताना दिसला अशी तक्रार आली. आयझॅक झाडाखाली उभा राहून त्याला ओरडून उत्तेजन देत होता.'"

वेंडेलने कपाळ टेबलावर टेकलं. त्याचे खांदे हलत होते.

"ऊठ, अजून आहे. 'समितीला समजावण्यासाठी तीन मित्रांची दुसरी समिती नेमली.'"

"ती घोडीवर बसली का?"

"'ओढ्याला पाणी असल्याने जाता आलं नाही.'"

बाई दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी रिळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "तुम्ही नक्की काय वाचताय?" लिडियाने सरकून जागा करून दिली. बाई वाचू लागल्या. नवव्या महिन्यापर्यंत त्या आल्या आणि त्यांनी स्वतःहून दार लावून घेतलं.

मग तिघंही चाक फिरवत राहिली, आणि वेंडेलने बाईंना दप्तरखान्यातली यादीही ऐकवली, रागीट माश्यांसकट. एकामागून एक तेरा वर्षं गेली. थॉमस वारला, त्याच्या जागी दुसरा आला. आयझॅक दूर राहायला गेला. जेबेझच्या प्रकरणाखाली प्रत्येक वेळी एकच ओळ होती, "समिती कायम ठेवली, तिने भेट देऊन सभेला कळवावं." शेवटची तशी ओळ जेबेझच्या मरणाच्या आदल्या महिन्यातली. तिथेही ओढ्याला पाणी होतं. त्यापुढे त्याचं नाव कुठेच नव्हतं.

"आणि बाहेर काढल्याचं?" वेंडेलने विचारलं.

बाईंनी दुसरं रीळ लावलं, मग तिसरं. शेवटी त्या म्हणाल्या, "काढलं तर लेखी काढतात आणि सभेत वाचून दाखवतात. तसा कागदच नाही. हा माणूस मरेपर्यंत सभेतच होता."

लिडियाने वेंडेलला मिठी मारली, बाईंना मिठी मारली, आणि आवाज ऐकून दार उघडून डोकावलेल्या एका विद्यार्थिनीलाही मिठी मारली. वेंडेल खुर्चीतच बसून हसत होता. हसता हसता तो म्हणाला, "तिला पुढच्या बाकावर बसता आलं असतं."

लिडियाने रुमाल काढला. रीळ गुंडाळताना बाई हळूच म्हणाल्या, "रागीट माश्या कुणी घेतल्या हो?"

पुढच्या कामकाजाच्या सभेत वेंडेलने तेराही वर्षांची नोंद उभं राहून वाचली. लिलावाचा सूर लागू नये म्हणून लिडियाने त्याचा कोट मागून धरून ठेवला होता. तो खाली बसला आणि शांतता पसरली. क्वेकरांची शांतता म्हणजे साधीसुधी नव्हे. पोटात गुरगुरलं तरी पलीकडच्या रांगेत ऐकू जातं. वेंडेल एल्वुडकडे बघत होता. एल्वुड डोळे मिटून होता. झोपला की काय, असं वेंडेलच्या मनात आलं.

मग एल्वुड उठला.

"आम्ही सावकाश काम करतो," तो म्हणाला. "पण पावणेतीनशे वर्षं म्हणजे आमच्यातसुद्धा जरा जास्तच."

पुढच्या बाकावर कुणीतरी फिस्स केलं. ते मागे सरकत सरकत भिंतीपर्यंत गेलं, आणि मग त्या सभाघरात चाळीस माणसं खिडक्या हलतील इतकी हसली. सभेची चिटणीस हातातलं पेन खाली ठेवून डोळे पुसत होती.

एल्वुड सगळं शांत होईपर्यंत उभा राहिला. "समितीने अहवाल दिलेला नाही. म्हणजे चौकशी उघडी आहे. चौकशी असलेला मित्र हाही मित्रच. हेस्टर मित्राची वंशज आहे. माझं मन मानतं."

"माझंही," कुणीतरी म्हणालं. मग इकडून तिकडून तेच शब्द आले. चिटणीसबाईने लिहून घेतलं.

"आणि समितीचं काय?" तिने विचारलं. "दोन्ही जागा रिकाम्या आहेत."

तिथल्या तिथे एल्वुड आणि लिडिया यांची नेमणूक झाली. जेबेझला भेटून समजवायचं आणि सभेला कळवायचं.

"भेटायचं कुठे?" लिडिया म्हणाली. "त्या काळी तुम्ही कबरींवर दगडसुद्धा ठेवत नव्हतात. गवतात कुठे आहे तो, कुणाला माहीत?"

"मी लवकरच तिकडे जाणार आहे," एल्वुड म्हणाला. "चौकशी करतो. साइडर मिळाली तर उशीर होईल."

बाहेर पडल्यावर त्याने वेंडेलला दफनभूमीत नेलं आणि हवी ती जागा निवडायला सांगितली. वेंडेलने दक्षिणेकडच्या भिंतीलगतची निवडली, तिथे दुपारी ऊन येतं.

एल्वुड काठीने गवत चाचपत राहिला. मग म्हणाला, "माझा जावई डेलावेअरचा होता. त्याच्या आईकडचे लोक पूर्वी कुठल्या सभेत होते, असं मुलगी एकदा म्हणाली होती. मी तेव्हा नीट ऐकलं नाही."

"नाव काय त्यांचं?"

एल्वुडने नाव सांगितलं. वेंडेलने ते दोनदा म्हणून पाठ केलं.

"सोमवारी लिडियाला घेऊन जातो," तो म्हणाला. "वाचनालयातल्या बाई आम्हाला आत घेतील असं वाटतं."

एल्वुडने शब्दाप्रमाणे खड्डा स्वतः खणला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. ठरल्या दिवशी वेंडेल कोट घालून आला, हात मोकळे.

"तिला आणलं नाहीस?" एल्वुडने विचारलं.

"गाडीपर्यंत आणलं होतं. मग परत आत नेऊन ठेवलं. सोडवेना."

"बरं," एल्वुड म्हणाला. कुणाचा पाय पडू नये म्हणून त्याने खड्ड्यावर फळी टाकली, आणि दोघं लिडियाकडे जेवायला गेले. तिथे टेबलाचा विषय निघाला आणि पुन्हा सगळी हसली.

समितीने जेबेझला अजून भेट दिलेली नाही. हेस्टरची राख घरीच आहे. ती पुरायची राहिली आहे.