वाळक्या गाठी

तिसऱ्या वर्षीही चेस्टनटच्या राईला मोहोर आला नाही. कोंबांच्या जागी लालसर गाठी धरल्या होत्या आणि गाठीगाठीत चीनमधून आलेल्या गांधीलमाशीच्या अळ्या. राई पणजोबांच्या वेळची; सांभाळायला म्हातारा ओत्ताव्यो आणि त्याची धाकटी बहीण देल्फीना, दोघंच.

मे महिन्यात शेतकी खात्याच्या फिओरेंझाबाईंनी राईत चिमुकल्या हिरव्या माश्या सोडल्या. यांची पिल्लं म्हणे गाठीतल्या अळ्या खाऊन वाढतात.

"माशीवर माशी! हिला खायला तिसरी कधी आणताय?" ओत्ताव्यो म्हणाला.

"सात-आठ वर्षं धीर धरा, आजोबा."

"तेवढी मला कोण देतंय?"

पण त्या दिवसापासून तो रोज राईत जाऊन पानं उलटून बघू लागला.

पानगळीच्या दिवसांत तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता, तेव्हा बाई देल्फीनाला बजावून गेल्या, "वाळक्या गाठी जाळू नका हं. आपल्या माश्या त्यांच्यातच हिवाळा काढतात." देल्फीनाने मान डोलावली. धावपळीत भावाला सांगायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत ती मावसबहिणीकडून परतली, तर बसमधून उतरतानाच राईवर धूर दिसला. काठी टेकून ओत्ताव्यो उभा होता, तोंड काजळलेलं, पण खुशीत.

"दोन गडी लावून सगळं वाळकं उतरवलं बघ! कशी मोकळी झालीय राई!"

राखेच्या कडेची एक अर्धवट जळकी गाठ तिनं उचलून मुठीत धरली.

"छान केलंस, दादा," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये बाई आल्या. फांद्या बघून थबकल्या. "गाठी कुठं गेल्या?"

"जाळल्या मी."

"अहो, ताईंना सांगून गेले होते ना! आपल्या माश्या होत्या त्यांच्यात!"

ओत्ताव्योने बहिणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती.

"तिनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

बाईंनी पुन्हा माश्या सोडल्या. ओत्ताव्यो मात्र राईत परत गेला नाही. देल्फीना कितीदा तरी कबुली द्यायला त्याच्यासमोर बसली, तो लगेच म्हणायचा, "सूप निवतंय, वाढ की."

त्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने तो गेला. तो गेल्यावर तीन वर्षांनी राई फळली. देल्फीनाने एकटीने तीन पोती वेचली आणि गावभर वाटली. स्वतःसाठी एकही चेस्टनट भाजला नाही.