पाच जणांशिवाय बस आत जात नाही

छायाचा पाठ साडेअकराला होता आणि आम्ही पावणेदहापासून थांब्यावर उभे होतो. बस दहा वाजून पाच मिनिटांची. दहा पंचवीस झाले, दहा चाळीस झाले. फोनवर पाहिलं, तर बस येऊन गेल्याचं दाखवत होती.

“कुठून गेली?” छाया म्हणाली. “आपल्या डोक्यावरून?”

छाया माझी चौथीची विद्यार्थिनी, बावीस वर्षांपूर्वीची. सोबतीला चला म्हणाली, म्हणून मी आलो होतो. मखमलाबादच्या पुढे तिच्या सासरचा मळा आहे. झेंडू, गुलाब, बांधाला पालेभाजी. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिने विद्यापीठाचा बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम घेतला. पहाटे भाजीच्या जुड्या बांधायच्या आणि दुपारी अभ्यास करायचा, असं दीड वर्ष काढलं. लेखी पेपर झाले होते. राहिला होता तो पाठ. खरी मुलं समोर बसवून, परीक्षकांच्या देखत वीस मिनिटं शिकवायचं. मुलं विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीची. ती साडेबारापर्यंतच असतात, मग त्यांची व्हॅन येते. मुलं गेली की पाठ गेला आणि पाठ गेला की पुन्हा वर्षभर थांबायचं. जूनपासून गावच्या शाळेत बालवर्ग सुरू होणार होता. प्रमाणपत्र हातात असेल तर बाई म्हणून तुलाच घेऊ, असा शब्द मुख्याध्यापकांनी तिला दिला होता. वर्षभर ते थांबणार नव्हते.

पाठ तिचा तिनेच बसवला होता. डोळे मिटायचे आणि वासावरून पान ओळखायचं. मेथी, कोथिंबीर, शेपू, पुदिना, कढीपत्ता आणि झेंडूचं पान. पहाटे खुडलेली ती पानं ओल्या फडक्यात गुंडाळून तिने पिशवीत ठेवली होती आणि दर दहा मिनिटांनी फडक्यावर पाणी शिंपडत होती. एप्रिलचं ऊन होतं.

“गुरुजी, शेपूनं मान टाकली.”

“मान टाकली तरी वास जात नाही,” मी म्हणालो. “तू मान टाकू नकोस.”

दहा पन्नासला बस आली. निम्मी रिकामी होती. आमच्या मागच्या बाकावर कॉलेजची दोन मुलं बसली, रोहित आणि सुयश. फाट्यावरच्या हॉटेलात मिसळ खायची, एकाने एक्स्ट्रा तर्री घ्यायची आणि दुसऱ्याने पाव, असा त्यांचा बेत मोठमोठ्याने चालला होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी बस फाट्याजवळ आली. तिथून विद्यापीठाची इमारत अडीच किलोमीटर आत. कंडक्टर उठला, दांड्याला टेकला आणि ओरडला, “विद्यापीठ आत कोण कोण? हात वर करा!”

मी आणि छायाने हात वर केले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने केला. मागून त्या दोघांनीही केले.

आता इथे जे घडलं त्याला बस जबाबदार नाही, ड्रायव्हर नाही, कंडक्टरही नाही. छत्तीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर काही गोष्टी तोंडातून आपोआप निघतात. मी मागे वळून म्हणालो, “अरे, तुम्ही तर फाट्यावर मिसळ खायला उतरणार होतात ना? मग हात कशाला वर केलात?”

कंडक्टरने हसून शिट्टी हातात घेतली.

“म्हणजे तिघंच. पाच असल्याशिवाय आपण आत जात नाही बाबा. वळवून पुढची ट्रिप धरायची हाय. चला, फाटा, फाटा!”

“पण पाटीवर विद्यापीठ लिहिलंय,” मी म्हणालो.

“पाटी बरोबर हाय. माणसं कमी हायेत.”

खाली उतरल्यावर पुढच्या बाकावरची मुलगी पायीच आत निघाली आणि रोहित माझ्याजवळ आला. रागावलेला नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. तो म्हणाला, “आजोबा, तो हात आम्ही तुमच्यासाठीच वर केला होता. रोज कुणी ना कुणी करतंच. पाच भरले की बस आत जाते, मग आम्ही चालत मागं येतो.”

छायाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. लहानपणीही ती अशीच होती. रागावली की काहीतरी हलवायची, दप्तर, पाटी, वेणी.

“छाया, चुकलं माझं,” मी म्हणालो.

“नाय गुरुजी, तुम्ही खरंच बोलले.” मग तिला राहवलं नाही. “पण आजच्या दिवस गप बसले असते तर काय झालं असतं?”



तिने फोनवर टॅक्सी मागवली. चार मिनिटांत येते असं दिसलं. दोन मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला. छायाने स्पीकर लावला.

“कुठं सोडायचं, मॅडम?”

“विद्यापीठात. आत, शिक्षणशास्त्राच्या इमारतीपाशी.”

“आत? आतून भाडं नाही मिळत, रिकामं यावं लागतं. तुम्ही कॅन्सल करा.”

“मी कशाला करू? तुम्ही करा.”

“मी केलं तर माझं रेटिंग जातं.”

“आणि माझी परीक्षा जाती, त्याचं काय?”

फोन बंद. गाडीचं चित्र पडद्यावर आमच्याकडे येता येता उलट फिरलं आणि गंगापूर धरणाच्या दिशेने गेलं. दुसऱ्या ड्रायव्हरने फोनच घेतला नाही. तिसरा ‘आलो, आलो’ म्हणत राहिला, पण गाडी जागची हलेना. नंतर कळलं, तो जेवत होता.

फाट्यावर शेअर रिक्षा उभी होती. त्यात एक बाई कांद्याची गोणी पायाशी घेऊन बसली होती. रिक्षावाला बाहेर उभा राहून शिटा भरायची वाट पाहत होता.

“आत सोडता का? आम्ही दोघंच,” मी विचारलं.

“गेटपर्यंत सोडतो. गेटच्या आत रिक्षाला पास लागतो. पण अजून दोन शिटा होऊ द्या.”

“अहो, परीक्षा आहे पोरीची.”

“परीक्षावाले रोज असतात काका. शिटा नसतात.”

“आम्ही चार शिटांचे धरा,” छाया म्हणाली.

तो तयार झाला, पण त्या बाईला उलट दिशेला जायचं होतं आणि ती काही उतरेना. “मी सकाळपासून बसलीये, मी का उतरू?” तिचंही खरं होतं. त्या फाट्यावर सगळ्यांचंच खरं होतं आणि कुणीच पुढे सरकत नव्हतं. घड्याळात बारा वाजायला सात मिनिटं कमी होती.

“चला गुरुजी, पायी,” छाया म्हणाली.

अडीच किलोमीटर म्हणजे तिला काहीच नव्हतं. मळ्यात ती दिवसाला त्याच्या दुप्पट चालते. माझे गुडघे मात्र दुसऱ्या किलोमीटरला बोलायला लागले. तिला म्हणालो, तू पुढे हो. ती पन्नास पावलं पुढे जायची, वळून बघायची आणि थांबायची. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी अक्षरशः ओरडलो, “अगं पळ की!” चौथीत असताना तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. ती पळाली. पण गेटवर तिला पकडलं.

मी पोचलो तेव्हा ती रजिस्टरवर वाकून लिहीत होती. नाव, गाव, मोबाईल, कुणाला भेटायचं, कशासाठी, सोबत किती जण, वाहन क्रमांक.

“वाहनच नाय,” ती सुरक्षारक्षकाला म्हणत होती.

“रकाना रिकामा ठेवायचा नाही, ताई. ‘पायी’ लिहा.”

तिने ‘पायी’ लिहिलं. पेनाने कागद फाटला.

शिक्षणशास्त्राच्या इमारतीत पोचलो तेव्हा साडेबारा होऊन दहा मिनिटं झाली होती. वर्गाला बाहेरून कडी होती. शिपाई डबा उघडून बसला होता.

“पाठ झाले सगळे. एकच गैरहजर होती. छाया कोणतरी.”

“मीच ती.”

“मग उशीर झाला की ओ.” त्याने पोळीचा तुकडा मोडला. “मॅडमनी लखोटा बंद केला. निघाल्या त्या.”

छाया पायरीवर बसली. रडली नाही. पिशवीतलं फडकं काढलं, उघडलं आणि पानांकडे बघत राहिली. पुदिना काळवंडला होता. मला वाटलं, आता ही पानं ती तिथेच झाडाखाली टाकून देईल. माझ्या त्या एका प्रश्नाने दीड वर्षांच्या अभ्यासावर पाणी पडलं होतं. छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलो. कधी, कुठे, कुणाच्या जिवावर, हे सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात इमारतीच्या मागून लहान मूल रडल्याचा आवाज आला.

मागे वळसा घालून गेलो, तर पत्र्याच्या शेडखाली नऊ मुलं पाठीवर दप्तरं अडकवून बसली होती. त्यांच्या मनीषाताई फोनवर कुणाशी तरी भांडत होत्या, “गोरक्ष, साडेबाराची व्हॅन आहे ना तुमची? किती वाजले बघा!” एका मुलाचं, साई त्याचं नाव, पाण्याची बाटली रिकामी झाली म्हणून रडणं चाललं होतं. दोन मुलं शर्टाची बाही चावत होती. आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला, कडक स्टार्चच्या साडीतल्या एक बाई, काखेत लखोटा धरून, त्याही फोनवर बोलत होत्या.

“दोन नंबरचं गेट? अहो, दोन नंबरला कुलूप आहे! काय? मी कॅन्सल करू?”

छायाने माझ्याकडे बघितलं. परीक्षक त्याच होत्या. वत्सलाबाई, नांदगावहून आलेल्या. दोनची एसटी चुकली तर त्यांना घरी पोचायला अंधार होणार होता.

छायाने हात जोडून सगळं सांगितलं. बस, पाच माणसं, टॅक्सी, रिक्षा. माझं नाव मात्र त्यात तिने येऊ दिलं नाही. मीच मध्ये पडून म्हणालो, “बाई, चूक माझी आहे.”

“चूक कुणाची का असेना,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मी गैरहजर लिहून लखोटा बंद केलाय. वेळ म्हणजे वेळ. उद्या तुम्हीच मुलांना शिकवणार ना वेळेचं महत्त्व?” पुन्हा त्यांचा फोन वाजला. “हां, बोला! कुठे आहात? ... फाट्यावर?” त्यांनी फोन कानापासून दूर धरला. “पहिलीच खेप नव्हे ही. चौथा टॅक्सीवाला गेला.”

साईचं रडणं आता इतर मुलांना लागायला आलं होतं. छाया त्याच्याकडे गेली. परीक्षेचा काही विचार त्या वेळी तिच्या मनात होता असं मला वाटत नाही. माझ्याकडची बाटली तिने त्याला दिली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “डोळे मीट. माझ्या पिशवीत एक गंमत हाय. बघायची नाय, वासानं सांगायची.”

साईने डोळे मिटले. वास घेतला. नाक मुरडलं.

“आमच्या आजीची भाजी!”

“कुठली भाजी?”

“मला नाही आवडत ती!”

सगळी मुलं हसली. ओम नावाचा एक मुलगा पुढे सरकला, “मला, मला!” शेपू हातोहात फिरला. मेथीला एकीने ‘पराठा’ म्हटलं. छायाने नाही म्हटलं नाही. “पराठ्यात काय असतं मग?” असं विचारलं. मी बाजूला उभा राहून घड्याळ बघत होतो. वत्सलाबाईंनी फोन खाली केला होता. त्यांनी पर्समधून पेन काढलं, पण लखोट्याला हात लावला नाही. पेन हातात धरून त्या नुसत्या बघत राहिल्या. आठ मिनिटं झाली. नऊ.

आणि दहाव्या मिनिटाला व्हॅन आली.

सबंध दिवसात एकही वाहन हवं तेव्हा आलं नाही. नको होती तेव्हा ही नेमकी आली. गोरक्षने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. “चला, चला, मला दुसरी शाळा उचलायचीये!” मुलं उठली, दप्तरं आपटली. कोथिंबीर कुणाच्या तरी पायाखाली आली. वीसपैकी दहाच मिनिटं झाली होती.

“दहा मिनिटं थांबा, दादा,” मी हात जोडले.

“अर्धा तास उशीर झालाय बाबा, आणखी दहा मिनिटं कशाला?”

मनीषाताई मुलांना वर चढवत होत्या. छायाने पानं गोळा केली, एकदा व्हॅनकडे बघितलं, एकदा वत्सलाबाईंकडे. मग पदर खोचला आणि व्हॅनमध्ये चढून मुलांच्या पायाशी, खाली पत्र्यावर बसली. “आता डोळे कोण मिटणार?” असं ती म्हणालेलं मला बाहेरून ऐकू आलं.

वत्सलाबाई गोरक्षला म्हणाल्या, “फाट्यापर्यंत मला सोडाल? एसटी धरायचीये.” आणि पुढे त्याच्याशेजारी न बसता त्या मागच्या दाराने, साडी सावरत, मुलांमध्ये शिरल्या. मनीषाताईंनी ओमला मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली. माझ्यापुरती जागा कुठेच नव्हती. मी मागचं दार बाहेरून लावलं आणि व्हॅन धूळ उडवत गेली.

मी शेडमध्ये बसलो. फोनवर बस येऊन गेलेली दिसत होती.

पंचवीस मिनिटांनी छायाचा फोन आला. मागे वाहनांचे आवाज होते.

“गुरुजी, झाला पाठ. फाट्यापर्यंत पुरला. पुदिना बाईंनाच ओळखता आला नाय! डोळे मिटून तुळस म्हणाल्या. पोरं लय हसली.”

“मग?”

“मग साईनं त्यांना सांगितलं, पुदिना हाय म्हणून. कुठं लावतात, काय करतात, सगळं त्यानंच सांगितलं. बाईंनी लखोटा फोडला. गैरहजरवर रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख टाकली. मार्क नाय सांगितले. म्हणाल्या, ते विद्यापीठ कळवील.”

“एसटी मिळाली का त्यांना?”

“अजून नाय. थांब्यावर उभ्या हायेत. मी त्यांच्यासंगच हाय, त्यांना एकटं कसं सोडायचं? तुम्ही कुठं हाय? तिथंच थांबा, धाकट्या दिराला टेम्पो घेऊन पाठवते.”

धाकटा दीर तेव्हा फुलबाजारात गिऱ्हाइकात असणार. ते सोडून तो आला असता.

“नको,” मी म्हणालो. “बस दिसतेय, आलीच बघ.”

फोन ठेवला. रस्ता गेटपर्यंत सरळ होता आणि पार रिकामा होता. मी गुडघ्यांवर हात देऊन उठलो, बाटली साईकडे राहिली म्हणून शिपायाकडून तांब्याभर पाणी प्यायलो आणि फाट्याकडे चालायला लागलो.