वाकवलेली मान

आमच्या नागेंद्रला चारचौघांत कमीपणा आलेला सोसत नाही. माझा पाठचा भाऊ, म्हणून मला ठाऊक. दुधाचा टेंपो चालवतो, निपाणी-चिकोडी रोजची फेरी, आणि वाटेत कुणी नुसतं "काय नागेंद्रअण्णा" म्हटलं तरी दिवसभर फुगून असतो. त्यात यंदा त्याची तेरा वर्षांची सौम्या बेळगावात जिल्ह्याच्या कुस्तीत पहिली आली. मग काय विचारता!

गावानं देवळाच्या सभागृहात सत्कार ठेवला, सौम्याचा आणि तिला तालमीत तयार करणाऱ्या रविराज सरांचा. सरांचं गावात मोठं नाव. फुकट शिकवतात, उशीर झाला तर पोरींना स्वतःच्या गाडीवरून घरी सोडतात. देवमाणूस, असं आम्हीच म्हणायचो.

सौम्या स्टेजवर गेली. पंचायतीच्या अध्यक्षांच्या पाया पडली, शाळेच्या बाईंच्या पडली, म्हाताऱ्या भावकूआप्पांच्या पडली. सरांपाशी आली आणि लांबूनच हात जोडून पुढं सरकली. लगेच कुजबुज सुरू झाली. "बक्षीस डोक्यात गेलंय," माझ्या शेजारची बाई म्हणाली आणि मीही मान डोलावली. नागेंद्र तडक स्टेजवर चढला, पोरीची मान मागून धरली आणि तिला सरांच्या पायांवर वाकवलं. सरांनी तिला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं. "असू दे हो, लेकच हाय माझी." सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चांगल्या जोरात. आता त्या हातांची लाज वाटते.

घरी आलो. माझी भावजय नीलम पोरीची दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेऊन उभी होती. नागेंद्रचा राग अजून उतरला नव्हता. "गुरूच्या पाया पडायला लाज वाटती व्हय गं तुला?"

सौम्या उंबऱ्यातच थांबली. "आप्पा, सर बी असंच मानंला धरत्यात," ती म्हणाली. "सगळ्या पोरी गेल्या की. मालिश करतो म्हणत्यात आणि नको तिथं हात लावत्यात."

मग मी शहाणीनं तोंड घातलं. "अगं, कुस्तीत अंगाला हात लागणारच की. त्याबिगर पेच कसा शिकवायचा?"

"मॅटवरचं मी सांगतच न्हाय, आत्ती. पायाला धरून पट काढताना हात कुठं लागतोय ते मला कळतंय. ह्ये त्यातलं न्हवं." मग ती बापाकडं वळली. "आणि मी तुमाला आधी बी सांगितलतं, आप्पा."

नागेंद्र भिंतीकडं बघत राहिला.

नीलम फार बोलणारी बाई नाही. तिनं मीठ-मोहरी खाली ठेवली, फोन उचलला आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, दहा अठ्ठ्याण्णवला, लावला. "थांब गं, गावात बसून बघू," नागेंद्र म्हणाला. तिनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी सरांकडं चौकशी केली, आणि दुपारपर्यंत भावकूआप्पा आमच्या दारात. "नागेंद्र, सर म्हणत्यात, बापानं सगळ्यांसमोर वाकवलं, त्या रागानं पोरीनं काल रातच्याला ह्ये रचलंय. गावाला बी तसंच वाटतंय. अब्रूचा प्रश्न हाय बाबा, मिटव." नागेंद्रनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पोरीची बाजू लंगडी पडायला एवढं एकच पुरेसं होतं, की तिनं हे आधी दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त बापाला.

संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या मॅडम आल्या, साध्या कपड्यांत. धारवाडकडच्या असाव्यात, मराठी जपून बोलत होत्या. सौम्याशी आतल्या खोलीत, आईला शेजारी बसवून, बराच वेळ बोलल्या. मग बाहेर येऊन नागेंद्रसमोर बसल्या. सौम्याही दारात येऊन उभी राहिली.

"मुलीनं हे तुम्हाला पहिल्यांदा कधी सांगितलं?"

"काल," नागेंद्र म्हणाला.

सौम्या बापाकडं बघत होती, तिनं ते बघणं सोडलं. अब्रू अब्रू म्हणून हा माणूस स्वतःच्या लेकीला खोटी पाडायला निघाला होता.

"नागू," मी म्हटलं. "पोरगी हितं उभी हाय रं."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"काल न्हाय, मॅडम. दिवाळीच्या आधी सांगितलतं तिनं."

"मग तुम्ही काय केलं?"

त्यानं दाराकडं, सौम्याकडं एकदा बघितलं.

"सरांना फोन केलता," तो म्हणाला. "म्हटलं, पोरगी सरावाला टाळाटाळ करतीया. दुसऱ्या पोरी गेल्यावर हिला एकटीला थांबवून घेत जावा."