शुक्रवारचं सीरम

"आई गं!" कौमुदी ओरडलीच. मायक्रोस्कोपच्या पडद्यावर उंदराच्या मेंदूच्या पेशी होत्या. दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात तो सांधा, म्हणजे सायनॅप्स, हिरवा चमकत होता. एका बशीत हिरव्या ठिपक्यांचा नुसता सडा, शेजारच्या बशीत जवळजवळ अंधार. पहिलीला तिने रक्तात असतं तसलं एक लिपिड, म्हणजे चरबीसारखं द्रव्य, दिलं होतं, दुसरीला नाही. पेशीच्या अंगावरचा एक रिसेप्टर ते लिपिड पकडतो आणि पेशीला सांधे बांधायला लावतो, एवढंच तर तिला सिद्ध करायचं होतं.

आणि मेलं सिद्धच होत नव्हतं! तीन वर्षं दोन्ही बशा सारख्याच हिरव्या. सोमवारी शेवटचा सेमिनार. तिथेही हात हलवत उभी राहिली असती, तर कमिटी पीएचडीचा विषयच रद्द करणार होती.

"श्रीनिधी, धावत ये! जमलं गं!"

लॅबमधली मैत्रीण श्रीनिधी आली, पण तिचा चेहरा पडलेला. कौमुदी बहिणीच्या लग्नाला सांगलीला गेली होती, तेव्हा या बशा हिनेच सांभाळल्या होत्या.

"रागावू नको की कौमुदी. गेल्या शुक्रवारी पावसाने आमच्या वेलचेरीत घरापर्यंत पाणी भरलं, मी लॅबला आलेच नाही. तुझ्या बशांना सीरम घालायचं राहिलं."

कौमुदी मटकन स्टुलावर बसली. शनिवार-रविवार लॅब बंद, म्हणून शुक्रवारी प्रत्येक बशीत सीरमचे चार थेंब घालायचे, हा तिच्या गाईडचा, सेतुमाधव सरांचा नियम. पेशी म्हणजे आपली पोरं, उपाशी राहू नयेत, म्हणायचे. ते घातल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

सीरम रक्तातून काढतात. रक्तात ते लिपिड ठासून भरलेलं. म्हणजे ज्या बशीला आपण काहीच दिलं नाही म्हणत होतो, तिलाही दर शुक्रवारी स्वतःच्या हाताने तेच वाढत होतो! हे पुस्तकात वाचलं होतं बाईसाहेबांनी, परीक्षेत लिहिलंही होतं. पण सवयीच्या हाताने कधी डोक्याला विचारलं असेल तर शपथ.

मग दुसरा विचार आला. सरांचं सगळं नाव एकाच गोष्टीवर उभं होतं. या रिसेप्टरचा सायनॅप्सशी काही संबंध नाही, असं त्यांनी वीस वर्षांपूर्वी छापलं होतं. याच लॅबमध्ये. याच नियमाने.

हे त्यांना सांगायचं कुणी? श्रीनिधीने केव्हाच काढता पाय घेतला होता.

सर आत आले तेव्हा कौमुदी उठून उभी राहिली. तिने नुसता पडदा दाखवला आणि कशीबशी म्हणाली, "सर, गेल्या शुक्रवारी सीरम घातलं नव्हतं."

सर वाकून पाहत राहिले. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता ओरडतील, आता बशा फेकून देतील, असं तिला वाटत होतं.

"ऐय्यो," ते शेवटी तंजावरच्या आपल्या जुन्या मराठीत पुटपुटले. "मीच की अस्कींना, सगळ्या पोरांना, हे शिकविलों."

"सर, मी अजून एकदा करून बघते. कदाचित..."

"कदाचित नाही, अम्मा. बरोबर आहे हे. सोमवारी तू हेच दाखव. तुझ्या आधी मी उभा राहून माझं चुकलं म्हणून सांगतों."

कौमुदीला रडू फुटलं. आपला विषय वाचला याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो कुठे दिसेना.

शुक्रवारच होता. सरांनी सवयीने फ्रिज उघडला, सीरमची बाटली काढली, बुचाला हात घातला. मग तो हात तसाच थांबला. बाटली धरून ते लेकराच्या चेहऱ्याने तिच्याकडे वळले.

"कौमुदी," त्यांनी विचारलं, "आज यांना काय घालायचं?"